बारकीचा बॅज

१

दवाखान्याच्या दाराला सील होतं आणि सीलच्या वर कुणीतरी खडूनं लिहून ठेवलं होतं: ‘पोरं खाणारी बाई’.

निरीक्षकांनी ते वाचलं, खांद्यावरची उपकरणांची पेटी खाली ठेवली आणि ओल्या रुमालानं अक्षरं पुसून काढली. शेजारच्या दुकानातून दोघं-तिघं बघत होते. कुणी पुढं आलं नाही.

निरीक्षक विकिरण सुरक्षा खात्यातल्या. पन्नाशी उलटलेल्या, गुडघ्यानं अधू, पण डोक्यानं खमक्या. जिथं जिथं एक्स-रेचं मशीन तिथं तिथं त्यांचं जाणं. अशा ठिकाणी काम करणारी माणसं छातीवर काडेपेटीएवढा प्लॅस्टिकचा बॅज लावतात. त्या माणसाच्या अंगावर किती किरण पडले ते बॅजमधल्या चकत्यांमध्ये साठतं. दर तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातात आणि बहुतेकदा काही निघत नाही. या दोन खोल्यांच्या दातांच्या दवाखान्यातून दोन बॅज आले होते. डॉक्टरबाईंच्या बॅजवर जवळजवळ शून्य. त्यांच्या मदतनीस मुलीच्या बॅजवर मात्र एवढा मोठा आकडा, की प्रयोगशाळेतला माणूस खुर्चीतून उठलाच.

मशीन बंद झालं, दाराला सील लागलं. आणि निरीक्षक यायच्या आतच गल्लीनं निकाल लावून टाकला. कारण त्या मुलीचे तीन गर्भ पडले होते. शेवटचा तर अगदी अलीकडे.

सील काढून आत गेल्यावर डॉक्टरबाई पेशंटच्या बाकावर बसलेल्या दिसल्या. मागच्या दारानं आल्या असणार. उंच, पांढऱ्या केसांच्या, एकट्या राहणाऱ्या. हात मांडीवर उताणे ठेवले होते, परक्याचे असावेत तसे.

“मशीन घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “मला ते परत नकोय.”

“आधी बघू तर द्या.”

“तुमचा गाल सुजलाय. खालची दाढ आहे. एरवी मी म्हटलं असतं, बसा, दाखवा.” त्यांनी मान खाली घातली. “आता नाही म्हणवत.”

निरीक्षकांनी पेटी उघडली आणि दुपारपर्यंत मापं घेतली. नळीला गळती नव्हती. मदतनीस जिथं उभी राहायची त्या भिंतीआड काट्यानं मानही हलवली नाही. टायमर अचूक.

“मशीन ठणठणीत आहे,” त्या बाहेर येऊन म्हणाल्या.

डॉक्टरबाईंचा चेहरा उजळला नाही, उलट जास्तच पडला. “म्हणजे दोष माझाच. लहान मुलं खुर्चीत हलतात हो. दोन-चार वेळा बारकीनं त्यांची डोकी धरली होती. मी नको म्हणायला हवं होतं. तेवढ्यानं झालं असेल.”

“त्यानं एवढा आकडा येत नाही. बॅजमध्ये तीन चकत्या असतात. एक धातूच्या आड, एक प्लॅस्टिकच्या आड, एक उघडी. तिन्हींचे आकडे जुळवले की किरण कुठून आले ते कळतं. हे समोरून आलेत. सरळ. नळीच्या तोंडाला छाती लावून कुणी तासभर उभं राहिलं आणि दुसरं कुणी बटण दाबत राहिलं, तरच असं होईल. तुमच्या बारकीनं असं केलं असेल?”

“काहीतरीच काय!”

“मग ती तिथं नव्हती,” निरीक्षक म्हणाल्या. “नुसता बॅज होता. कुणीतरी तो नळीखाली ठेवला आणि मुद्दाम भाजून काढला.”

२

दवाखान्यात माणसं तीनच. डॉक्टरबाई, बारकी आणि काउंटरवर बसणाऱ्या मावशी. मावशी डॉक्टरबाईंच्या लांबच्या नात्यातल्या, पेशंटना नंबर द्यायच्या आणि नंबर येईपर्यंत त्यांच्या घरच्या सगळ्या भानगडी काढून घ्यायच्या. त्यांच्याशी बोलताना निरीक्षकांना प्रश्न फारसे विचारावे लागले नाहीत.

“बॅज ना? तो त्या दाराआडच्या हुकाला. दोघींचेही तिथंच. घरी न्यायचे नाहीत असा नियम आहे म्हणे. किल्ल्या तीन. एक बाईंची, एक माझी, एक बारकीची. सकाळी तीच उघडते ना. मशीन काही मी कधी हात लावून बघितलं नाही, मला त्याची भीतीच वाटते. पण तुम्ही मला विचाराल तर…”

“विचारलंय ना.”

“मी काही म्हणत नाही हं. पण त्या पोरीला घरी सासू काय काय बोलायची ते ऐकलं असतं ना, तुमच्या अंगावर काटा आला असता. पायगुण वाईट, कूस वाईट. आणि रिपोर्ट आल्यापासून सासू एकदम मऊ. दूध काय, फळं काय! आता तुम्हीच बघा, रिपोर्टचा फायदा कुणाला झाला?”

“तुम्हाला असं म्हणायचंय, बारकीनंच स्वतः…”

“मी कुठं काय म्हणतेय!” मावशींनी पदर सावरला. मग आवाज बसला. “ती इथं आली तेव्हा शाळेतून नुकती सुटली होती. म्हणून बारकी. बाईंनी तिला सगळं शिकवलं, पोटच्या पोरीसारखं. आणि रिपोर्ट आला त्या दिवशी ती भरल्या दवाखान्यात, पेशंटांसमोर, बाईंच्या अंगावर ओरडली. ‘तुमच्या मशीननं माझी तिन्ही लेकरं गिळली.’ बाईंच्या हातात तोंडात घालायचा आरसा होता. तो खाली पडला. त्यांनी तो उचललाही नाही हो.”

आतल्या खोलीत डॉक्टरबाई अजून तशाच बसल्या होत्या.

“बाई,” निरीक्षकांनी विचारलं, “तुमचं कुणाशी वैर? दवाखाना बंद पडावा असं वाटणारं कुणी?”

“मला कुणी मुद्दाम त्रास द्यावा एवढी मी कुणाची लागत नाही.” मग त्या म्हणाल्या, “बॅज मुद्दाम भाजला असेल तर एक गोष्ट चांगली झाली ना? त्या मुलीला किरण लागलेच नाहीत.”

“हो.”

“मग तिची मुलं कशानं गेली?”

निरीक्षकांनी पेटीची कडी लावली. पण तो प्रश्न त्यांच्या डोक्यातून हलला नाही.

३

बारकीचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, उन्हाचं. तिचा नवरा वायरमन होता. त्यानंच दार उघडलं. शांत, सडसडीत माणूस, बोटांना काळी चिकटपट्टी लागलेली. बारकी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पाठीमागची उशी त्यानं जाता जाता सरळ केली. सहज केली, दाखवायला नाही.

“आम्हाला भरपाई नको मॅडम,” तो म्हणाला. “फक्त कशामुळं झालं ते कळलं, तेवढं पुरे.”

सासू आतून चहा घेऊन आली आणि कप निरीक्षकांआधी बारकीपुढं ठेवला. “मी हिला नाही नाही ते बोलले, बाई. माझी जीभ झडावी. बिचारी मशीनशी झुंजत होती आणि मी तिच्या कुशीला नावं ठेवत होते.”

बारकी कपाकडं बघत होती. लहानखुरी, डोळ्यांखाली काळं, पण त्या घरात त्या क्षणी सगळ्यांत निवांत तीच वाटत होती. दुखणं संपल्यावर माणूस जसं गळून जातं, तशी.

“झोप लागते का?” निरीक्षकांनी विचारलं.

“आता लागते. आधी नाही लागायची. तिन्ही वेळेला वाटायचं, मीच काहीतरी केलं. आता कळलं, मी नव्हते.”

बॅज मुद्दाम भाजला होता, हे या घरात अजून कुणाला माहीत नव्हतं. निरीक्षकांनी चहाचा घोट घेतला आणि ते मनातच ठेवलं.

“हॉस्पिटलात काय म्हणाले होते?”

“दुसऱ्या वेळेनंतर मोठ्या डॉक्टरांनी दोघांचं रक्त तपासायला सांगितलं होतं. हे जाऊन विचारून आले. म्हणाले, दोघांचंही नॉर्मल.”

“आणि तिसऱ्या वेळेनंतर?”

“तब्येत सावरली की दोघं मिळून या, म्हणाले होते. पण तेवढ्यात हा रिपोर्ट आला. हे म्हणाले, आता कशाला जायचं? कारण कळलंच की.”

वायरमन खिडकीचं दार लावायला उठला. वारा नव्हता.

“दवाखान्याची किल्ली कुठं असते?”

“त्या खिळ्याला.” बारकीनं स्वयंपाकघराच्या चौकटीकडं बोट दाखवलं.

“आणि सुट्टीच्या दिवशी तू काय करतेस?”

उत्तर सासूनं दिलं. “काय करणार! झोपून असते. तिसऱ्यानंतर कामावर गेली खरी, पण सुट्टी आली की अंथरुणातून उठायची नाही. मीच बडबडायचे, दिवसभर लोळतेस म्हणून. नवरा बिचारा सुट्टीलाही कामाला जायचा.”

निरीक्षक जिना उतरताना कठड्याला धरून थांबल्या. वर पुन्हा कपबशांचा आवाज सुरू झाला होता. त्या घरात बऱ्याच दिवसांनी शांतता आली होती आणि ती मोडायला आपण निघालोय, हे त्यांना पहिल्यांदा स्पष्ट दिसलं.

४

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यातला कॉम्प्युटर उघडायला लावला. तीन महिन्यांचे सगळे फोटो एकामागून एक बघत बसल्या. दाढा, मुळं, किडीचे काळे खळगे, जबड्याची हाडं. डॉक्टरबाई शेजारी उभ्या होत्या, पण बघत नव्हत्या.

“हे बिघडलेले कुठं ठेवता?”

“ते वेगळे. बहुतेक पेशंट हललेले.”

बिघडलेल्यांत एक फोटो पूर्ण काळा होता. म्हणजे वाटत होता. निरीक्षकांनी उजेड वाढवला, आणखी वाढवला. काळ्यातून हळूहळू एका म्हाताऱ्या माणसाची दाढ वर आली, धुरकट. आणि तिच्यावर, तिच्याशी काही संबंध नसलेलं दुसरंच काहीतरी. एक स्वच्छ अर्धगोल, चकतीची कड असावी तसा. त्याच्या शेजारी बारीक दातेरी चिमटा.

डॉक्टरबाई एकदम पुढं वाकल्या. “हे तोंडातलं नाही.”

“नाही. हे बॅजमधल्या चकतीवरचं धातूचं झाकण. आणि हा बॅजचा चिमटा.” निरीक्षकांनी खुर्ची मागं सरकवली. “बाई, हा फोटो कसा निघतो ते मला सुरुवातीपासून सांगा.”

“आधी आमच्याकडं सेन्सर होता. तारेचा. तोंडात ठेवायचा, की फोटो लगेच पडद्यावर. त्याची तार तुटली. बारकीच्या नवऱ्यानं जोडून बघितली, पण जमलं नाही. मग मी या प्लेटा घेतल्या.” त्यांनी ट्रेमधून एक काळं पाकीट उचललं, पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठं. “आत पातळ प्लेट आहे. तार नाही, काही नाही. किरण पडले की चित्र तिच्यात साठतं. मग ती स्कॅनरमध्ये घालायची. स्कॅनर चित्र वाचतो आणि प्लेट पुसून कोरी करतो.”

“आणि मधे न पुसता दोनदा किरण पडले तर?”

“तर दोन चित्रं एकावर…” डॉक्टरबाई थांबल्या.

“हा फोटो सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळचा आहे. पहिल्याच पेशंटचा. आदल्या संध्याकाळी प्लेटा कुठं असतात?”

“पाकिटात भरून ट्रेमध्ये. बारकी जाण्याआधी तयार करून ठेवते.”

“म्हणजे सुट्टीच्या दिवशी कुणीतरी इथं आलं. बॅज या ट्रेमध्ये ठेवला, नळी त्याच्यावर आणली आणि बटण दाबत राहिलं. बॅजच्या खाली हे पाकीट होतं. त्यात बॅजची सावली उमटली. सकाळी तीच प्लेट म्हाताऱ्याच्या तोंडात गेली.”

डॉक्टरबाईंनी चष्मा लावून फोटो जवळून बघितला. “किल्ल्या तिघींकडंच आहेत,” त्या शेवटी पुटपुटल्या. “मी आले नाही. मावशींना मशीन चालू करता येत नाही.”

पुढचं नाव त्यांनी घेतलं नाही. पण डोळे भरून आले होते.

५

बारकी दवाखान्यात पाय ठेवायला तयार नव्हती. निरीक्षकांनी डॉक्टरबाईंना मागच्या खोलीत बसायला सांगितलं, तेव्हा कुठं ती आली. दारातच उभी राहिली, भिंतीला चिकटून.

“मला इथं श्वास घ्यायला होत नाही, मॅडम. काय विचारायचं ते लवकर विचारा.”

“विचारायचं थोडंच आहे. मशीन तपासायचंय, एक बटण दाबते. भिंतीआड ये माझ्याबरोबर.” निरीक्षकांनी नळी ट्रेवर वळवली. ट्रेमध्ये एक काळं पाकीट पडलं होतं.

“अहो, थांबा!” बारकी नकळत पुढं आली, पाकीट उचललं आणि दाराबाहेरच्या कपाटात ठेवून आली. “ती प्लेट आहे. नळीसमोर राहिली की वाया जाते.”

“सवय आहे तुला.”

“बाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मशीन चालू करण्याआधी ट्रे रिकामा.”

निरीक्षक स्टुलावर बसल्या. गुडघा चोळला. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. बॅज मुद्दाम भाजला होता, हे. आणि पडद्यावरचा फोटोही दाखवला.

बारकीचा चेहरा आधी कोराच राहिला. मग ती हळूच म्हणाली, “म्हणजे मला किरण लागले नाहीत?”

“नाही.”

“एकदाही?”

“नाही.”

“मग परत मीच ना.” ती खाली बसली. “मॅडम, असं करू नका. तो कागद राहू द्या. मशीननंच केलं असं राहू द्या. तुमच्या पाया पडते मी.”

“सगळे म्हणणार, हे तूच केलंस.”

“म्हणू देत.”

“पण तू केलं नाहीस. तू असतीस तर आधी ट्रे रिकामा केला असतास. आत्ता केलास तसा. डॉक्टरबाईंनीही केला असता. मावशींना मशीन लावताच येत नाही.” निरीक्षक आता तिच्याशी कमी आणि स्वतःशी जास्त बोलत होत्या. “ज्यानं केलं त्याला मशीन चालू करता येतं. बॅज कशाला असतो ते माहीत आहे. तुझा हूक कोणता तेही. पण प्लेटा माहीत नाहीत. ट्रेमधली काळी पाकिटं त्याला नुसती पाकिटं वाटली. त्याला फक्त तारेचा सेन्सर ठाऊक होता.”

बारकीनं मान वर केली.

“इथलं वायरिंग कुणी केलं?” निरीक्षकांनी विचारलं.

 बारकीनं कानांवर हात ठेवले.

६

वायरमन एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत काम करत होता. भिंतींतून रंगीत वायरी लोंबत होत्या. निरीक्षक विटांच्या ढिगावर बसल्या आणि मोबाइलवरचा फोटो त्याच्यापुढं धरला.

“हे काय आहे?”

“तुम्ही सांगा.”

त्यानं निरखून बघितलं. “दाढ आहे. आणि हे… हा चिमटा…”

“बारकीच्या बॅजचा. तुम्ही बॅज भाजलात तेव्हा त्याचा फोटो निघाला.”

“कसा निघेल?” तो पटकन म्हणाला. “सेन्सर तर कपाटात होता.”

बोलून गेल्यावर त्याला कळलं. हातातली पक्कड त्यानं जमिनीवर ठेवली, अगदी हळू, आवाज होऊ नये म्हणून ठेवावी तशी.

“ती सुट्टीच्या दिवशी अंथरुणात होती,” निरीक्षक म्हणाल्या. “तुमच्या आईनंच सांगितलं. तुम्ही कामाला गेला होतात. रक्ताचे रिपोर्टही तुम्हीच एकट्यानं आणलेत. आणि मोठे डॉक्टर तिसऱ्या वेळेनंतर दोघांना बोलावत होते, तेव्हाच हे घडलं. तिथं गेलात असता तर तिला काय कळलं असतं?”

वायरमन भिंतीला टेकला.

“दोष माझ्या रक्तात आहे,” तो म्हणाला. “डॉक्टर म्हणाले, वायरिंगसारखं समजा. तुमच्यात सगळ्या वायरी आहेत, एकही कमी नाही, फक्त दोन जागी उलटसुलट जोडल्यात. तुमचं स्वतःचं सगळं चालतं. पण मुलाकडं त्यातली अर्धीच जाते आणि तिथं मेळ बसत नाही. कधी कधी बसतो, म्हणाले. कधी कधी मूल नीट होतं. पुढं उपायही सांगत होते. मी ऐकलंच नाही. ते ‘कधी कधी’ तेवढं घेऊन घरी आलो.”

“आणि नॉर्मल आहे म्हणून सांगितलंत.”

“आई तिला रोज बोलायची. सांगितलं असतं तर ते सगळं माझ्याकडं आलं असतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. तोवर तिसरं राहिलं. मग तेही गेलं. ती भिंतीकडं तोंड करून झोपायची, जेवायची नाही. मला वाटलं, मशीनवर ढकललं तर कुणालाच लागणार नाही. मशीनला काय लागतंय?”

“डॉक्टरबाईंना लागलं.”

“त्यांचा विचारच मनात आला नाही, मॅडम. खरं सांगतो.” त्यानं तोंड झाकलं. “तिला सांगू नका. आत्ता कुठं झोपायला लागलीय ती.”

निरीक्षकांनी याआधी खोटी मापं पकडली होती, लाच देणारे बघितले होते. त्यांच्यावर चिडणं सोपं होतं. इथं चिडायलाही काही हाताला लागत नव्हतं.

“अहवालात तुमचं नाव नाही आलं तर आपोआप तिचंच येईल,” त्या म्हणाल्या. “किल्ली तिची, बॅज तिचा. डॉक्टरबाईंवरचा आळ जाईल आणि तिच्यावर बसेल. तुम्ही सांगा. आजच. मी बरोबर येते.”

७

त्यानं सांगितलं. उभ्यानंच, दाराच्या चौकटीला धरून, वाक्यं अर्धी सोडत. बारकी दवाखान्यातून परत येऊन तिच्याच जागी बसली होती. बहुतेक तिला आधीच कळलं होतं, फक्त ऐकायचं बाकी होतं.

पहिल्यांदा सासू बोलली. “खोटं बोलतोय तो! हिला वाचवायला स्वतःवर घेतोय. माझ्या मुलात काही नाही. आमच्या घराण्यात कुणाला काही नाही.” मग ती निरीक्षकांकडं वळली. “त्या डॉक्टरणीनं तुम्हाला काय चारलं?”

“आई, गप बस,” वायरमन म्हणाला.

बारकीनं त्याच्याकडं बघितलं. “दुसऱ्याच्या वेळी माहीत होतं?”

“नाही. शपथ घेतो. त्यानंतर कळलं.”

“म्हणजे तिसऱ्याच्या वेळी माहीत होतं.”

त्यानं चौकट आणखी घट्ट धरली.

“मला गादीवरून उठू देत नव्हतात तुम्ही. पाणी हातात आणून द्यायचात. मी म्हणायचे, असा नवरा कुणाला मिळतो.” तिचा आवाज चढलेला नव्हता. “खिडकी लावायला मी एकदा स्टुलावर चढले होते. कुणाला ठाऊक नव्हतं. गेल्यावर मी तुम्हालाच सांगितलं, रडत सांगितलं. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?”

“बारके…”

“तुम्ही म्हणालात, ‘बघ, तरी तुला सांगत होतो.’”

 वायरमन चौकटीवरून घसरत खाली बसला. सासूनं तोंडाला पदर लावला, पण रडली नाही. बारकी उठली, दोन साड्या आणि अंगावरची चादर एका पिशवीत कोंबली आणि चपला घातल्या. त्यानं तिची पिशवी धरली. तिनं ओढली नाही, काही नाही. तो सोडेपर्यंत नुसती उभी राहिली.

“कुठं जाणार?” त्यानं विचारलं.

“बाईंकडं.”

निरीक्षकांनी तिला गाडीत घेतलं. वाटेत ती एकदाच बोलली. माहेरी जाता येणार नाही, म्हणाली. तिथंही आई हेच म्हणायची, की तुझ्यातच काहीतरी आहे.

दवाखान्याचं दार उघडं होतं. डॉक्टरबाई औजारं कापडात गुंडाळून खोक्यात भरत होत्या. निरीक्षकांनी मशीन निर्दोष असल्याचा कागद काउंटरवर ठेवला. कुणी उचलला नाही.

“बाई,” बारकी म्हणाली. “मी सगळ्यांसमोर तुम्हाला…”

“मागच्या खोलीतून ऐकलं मी सगळं. तुझं काय चुकलं? तुला जे दाखवलं ते तू खरं मानलंस. मीही मानलं.” डॉक्टरबाईंनी एक पक्कड कापडात ठेवली, परत काढली, परत ठेवली. “खुर्ची विकली. मशीन कुणीतरी नेईल.”

“पण आता सिद्ध झालंय ना, बाई! लोकांना कळेल.”

“लोकांचं सोड. मला कळलंय. आता सकाळी उठले की मला कळतं, की तुझी मुलं मी मारली नाहीत. आणि दुपारी आरसा हातात घेतला की हात थरथरायला लागतो.” त्यांनी हात पुढं केला.  “ज्या हातानं मी तुला शिकवलं, त्याच हातानं मी तुझं वाटोळं केलं, असं मी इतके आठवडे मानत होते, बारके. ते आता खोटं ठरलं. पण जे आत गेलं ते निघत नाही.”

“मी राहू का तुमच्याजवळ? काम नको. नुसती राहते.”

डॉक्टरबाईंनी तिच्या गालावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग मान हलवली.

“तुला बघितलं की मला तो आवाज ऐकू येतो,” त्या म्हणाल्या. “मी रागावले नाहीये गं. पण नाही जमणार मला.”

निरीक्षक आधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या. त्यांनी गाडी चालू केली नव्हती. बारकी पायऱ्या उतरून रस्त्यावर आली आणि पिशवी छातीशी धरून उभी राहिली. तिनं एका बाजूला बघितलं, मग दुसऱ्या बाजूला. रस्त्यावरची माणसं तिला ओळखून थांबत होती, पुढं जात होती.

निरीक्षकांनी आतून दार उघडलं.

“तुम्ही कुठं चाललात?” बारकीनं विचारलं.

“पुढच्या गावाला. तिथं एक मशीन तपासायचंय.”

“मग तिथपर्यंत येते,” ती म्हणाली आणि गाडीत बसली.